एक परगणा, तीन दप्तरें

(नभोवाणीवरील भाषण)



इ. स. १७९५ च्या मार्च महिन्याच्या ११ व्या तारखेस खर्डा येथें मराठे व निजाम यांची लढाई झाली. खर्डा हें गांव हल्लीं अहिल्यानगर जिल्ह्यांतील जामखेड तालुक्यांत मोडतें. परंतु बीड जिल्ह्याचे आष्टी व पाटोदा हे तालुके त्या तालुक्याला लागूनच आहेत. मराठ्यांच्या बहुतेक सर्व सरदारांनीं एका झेंड्याखालीं केलेली ही अखेरची मोठी मोहीम म्हणून आपण सारे शाळेंत ती शिकलों. ती लढाई कशावरून जुंपली हें मात्र शाळेच्या पुस्तकांत एकदोन वाक्यांत आटोपलेलें असतें. ती जुंपली हिशेबावरून.

पेशव्यांचें म्हणणें असें कीं, दक्षिणेच्या सुभ्यांवरील चौथाई व सरदेशमुखी यांची १७७४ सालापासूनची बाकी निजामाकडे तुंबली आहे. ग्रँट डफनें आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत ही बाकी अडीच कोटी रुपयांहून अधिक सांगितली आहे. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे निजामाच्या दरबारीं होते. त्यांनीं तगादा लावतांच निजामाचे दिवाण मुशीर-उल्-मुल्क यांनीं जें उत्तर दिलें तेंही डफनें नमूद केलें आहे. मागणी फार गुंतागुंतीची आहे, तिचीं कलमें समजावून द्यावयास खुद्द नाना फडणिसांनींच दरबारांत हजर व्हावें, असा त्याचा आशय. नाना कामांत गुंतलेले आहेत, ते कसे येणार, असें वकिलांनीं म्हणतांच, त्यांना कसें आणावयाचें तें लवकरच दाखवितों, असें दिवाणसाहेब बोलून गेले. पुढें लढाईनंतर दिवाणसाहेबांनाच मराठ्यांच्या स्वाधीन व्हावें लागलें, हा दैवाचा विनोद प्रसिद्धच आहे.

दिवाणांचें बोलणें उद्दामपणाचें होतें यांत शंका नाहीं. पण त्या उद्दामपणाच्या आड एक खरा प्रश्न होता व त्याकडे व्हावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. एकाच मुलुखाचा हिशेब दोन दरबार दोन तऱ्हांनीं मांडीत होते. पुण्याच्या फडांतील कलमांचीं नांवें निराळीं, हैदराबादच्या दफ्तरांतील निराळीं. साल मोजण्याची रीत निराळी. आंकडे लिहिण्याची लिपि निराळी. दोन्ही हिशेब आपापल्या जागीं प्रामाणिक असूं शकत होते. ते शेजारीं शेजारीं ठेवून ताडून पाहतां येतील असा समाईक नमुना मात्र कोणापाशींच नव्हता. ज्याचा ताळा कागदावर पटला नाहीं, तो रणांगणावर पटवावा लागला. (आपल्या जुन्या व्यवहारांत कच्च्या टिपणवहीलाही खर्डा असेंच म्हणत. हा निव्वळ शब्दांचा योगायोग. पण मौजेचा खरा.)

हा दोनशें वर्षांपूर्वींचा मजकूर आज सांगण्याचें कारण असें कीं, हे जुने हिशेब आतां संगणकांत भरले जाऊं लागले आहेत. ज्याला हल्लीं सर्वत्र डेटाबेस म्हणतात, त्याला मी आपला घरचा शब्द वापरून दप्तरच म्हणेन. कारण दोहोंचें काम एकच आहे. कागद जपणें हें त्यांतील सोपें काम. कागदावरील मजकूर कोणत्या रकान्यांत घालावयाचा हें ठरविणें कठीण, आणि रकाने एकदां चुकले म्हणजे पुढील सारे अभ्यासक त्या चुकीच्या चौकटींतून इतिहास पाहूं लागतात. खर्ड्याच्या वेळीं दोन दरबारांचें जें झालें, तें आतां अभ्यासकांचें होईल. फक्त तोफा नसतील इतकेंच.

उदाहरणाकरितां मी बीड परगणा घेतों. बीडचे जुने कागद एका जागीं नाहींत. मोगल अमदानींत बीड हें औरंगाबाद सुभ्यांतील एक सरकार होतें. शहाजहान व औरंगझेब यांच्या वेळचे दक्षिणेंतील फारशी कागद दीड लाखांवर आहेत व ते हैदराबादच्या पुराभिलेखागारांत आहेत. त्यांतील निवडक कागद युसुफ हुसेन यांनीं १९५० व १९५८ सालीं छापून प्रसिद्ध केले. हें पहिलें दप्तर. दुसरें पुण्याचें पेशवे दप्तर. तेथें सुमारें ३९,००० रुमाल आहेत. रुमाल म्हणजे फडक्यांत बांधलेला कागदांचा गठ्ठा. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या अवधींत त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. परंतु त्यांत भर मुख्यत्वें राजकीय पत्रव्यवहारावर होता. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास अशा नांवांखालीं असलेला हिशेबाचा प्रचंड साठा बव्हंशीं रुमालांतच राहिला. तिसरें दप्तर खुद्द जिल्ह्यांतलें, तहसील कचेऱ्यांतलें. सर सालारजंग यांनीं १८६५ सालीं निजामाच्या राज्यांत जिल्हाबंदी केली, तेव्हांपासून १९४८ पर्यंतचा व त्यानंतरचा महसुली कागद त्यांत येतो. त्याची भाषा कांहीं ठिकाणीं फारशी, पुढें उर्दू, कोठें मोडींतली मराठी.

फारशी हिशेबाचे आंकडेही आपल्या ओळखीचे नव्हेत. ते सियाक नांवाच्या पद्धतीनें, म्हणजे अरबी संख्यावाचक शब्दांचीं संक्षिप्त रूपें करून लिहिलेले असतात. मोडीचा जाणता तेथें अडतो, आणि सियाकचा जाणता मोडीपुढें. तेव्हां एकाच परगण्याचीं हीं तीन दप्तरें आजवर एकमेकांना भेटलेलीं नाहींत म्हटलें तरी चालेल.

तीं भेटवितांना पहिला धोका कोणता, तर आंकड्याच्या मोठेपणावर भुलण्याचा. बाळाजी विश्वनाथांनीं १७१९ सालीं दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्या वेळीं धरलेला सहा सुभ्यांचा एकूण आकार ग्रँट डफनें दिला आहे, तो १८,०५,१७,२९४ रुपये. पैकीं औरंगाबाद सुभ्याचा आकार १,२३,७६,०४२ रुपये. आंकडा शेवटच्या रुपयापर्यंत, किंबहुना आण्यापैपर्यंत दिलेला असल्यामुळें वाचणाराला वाटतें कीं एवढी रक्कम खजिन्यांत मोजून घेतली असावी. तसें मुळींच नव्हतें. ती कागदावरील पूर्ण आकारणी होती. लढायांनीं उजाड झालेल्या मुलुखांतून प्रत्यक्ष हातीं येणारा पैसा तिच्या पासंगालाही पुरला नसता. परंतु मागणी नेहमीं पूर्ण आकारावर लावावयाची व वसूल होईल तेवढा घ्यावयाचा, हें धोरण मराठ्यांना फार सोईचें होतें. बाकी कधीं संपत नसे, आणि बाकी आहे तोंवर हक्कही जिवंत राही. १७९५ सालची अडीच कोटींची थकबाकी या बीजांतून उगवली.

यावरून नव्या दप्तराचा पहिला नियम ठरतो. ‘उत्पन्न’ असा एकच रकाना करून भागणार नाहीं. आकार, मागणी, वसूल व बाकी या चार निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या पूर्वजांना त्या निराळ्या आहेत हें पक्कें ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं त्यांना निराळीं नांवें दिलीं. जुना ठरीव आकार तो तनखा; पुढें पाहणी करून ठरविलेला चढता आकार तो कमाल; सालाच्या आरंभीं धरलेला अंदाज तो अजमास किंवा बेहेडा; आणि साल संपल्यावर फडांत तपासून कायम झालेला हिशेब ती झडती. ज्याच्या हातीं अजमास लागला व ज्यानें तो झडती समजून संगणकांत भरला, त्यानें एका अंदाजाला घडलेल्या गोष्टीची प्रतिष्ठा दिली. पेशवे दप्तरांतील एका मोठ्या विभागाचें नांवच प्रांत अजमास आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही भीति काल्पनिक नाहीं हें पटेल.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे, व बीडसारख्या मुलुखांत तो विशेष आहे. हा मुलूख निजामाचा. पण चौथाई व सरदेशमुखी मराठ्यांची. अशा दुहेरी अंमलाला दुअमल म्हणत. समजा, एका गांवाचा आकार १,००० रुपये आहे. (हा आंकडा केवळ हिशेबाच्या सोयीसाठीं घेतलेला आहे, वांटणीचें प्रमाण मात्र खरें आहे.) त्यावर चौथाई २५० रुपये. या अडीचशांची वांटणी अशी होई: शेंकडा २५ ती राजबाबती, म्हणजे ६२ रुपये ८ आणे, शेंकडा ६ तो साहोत्रा, म्हणजे १५ रुपये, शेंकडा ३ तो नाडगौडा, म्हणजे ७ रुपये ८ आणे, आणि राहिलेले शेंकडा ६६ तो मोकासा, म्हणजे १६५ रुपये. राजबाबती छत्रपतींची, साहोत्रा पंत सचिवांचा, नाडगौडा राजा देईल त्याचा, मोकासा सरदाराचा. चौथाईखेरीज सरदेशमुखी शेंकडा दहा, ती निराळीच. आणि या सर्वांखेरीज निजामाचा किंवा त्याच्या जहागिरदाराचा स्वतःचा अंमल आहेच.

आतां हें एकच गांव किती वह्यांत आलें पाहा. सचिवांच्या वहींत तें १५ रुपयांचें गांव आहे, मोकासदाराच्या वहींत १६५ रुपयांचें आहे, जहागिरदाराच्या वहींत त्याहून कितीतरी मोठें. प्रत्येक वहींत गांवाचें नांव तेंच. एखाद्यानें गांवाचें नांव पाहून साऱ्या रकमा बेरजेंत घेतल्या आणि शिवाय मूळ आकारही मिळविला, तर तेच रुपये दोनदां मोजले जातील. आणि एखाद्यानें सचिवांची वही तेवढी पाहिली तर भरलें गांव भिकारी ठरेल. म्हणून प्रत्येक रकमेपुढें ती कोणत्या हक्काची, कोणाच्या वहींतली व कोणत्या मोठ्या रकमेच्या पोटांतली, हें लिहावेंच लागेल. गांवाचा तक्ता निराळा, हक्कांचा निराळा, हक्कदारांचा निराळा व रकमांचा निराळा ठेवून ते क्रमांकांनीं एकमेकांस जोडावयाचे, हाच येथें मार्ग आहे. एका कोठ्यांत एकच गोष्ट असावी, व तक्ते परस्परांस खुणेनें जोडावे, हा विचार एडगर कॉड या आय. बी. एम. कंपनींतील शास्त्रज्ञानें १९७० सालीं शास्त्रशुद्ध रीतीनें मांडला व आजचीं बहुतेक संगणकीय दप्तरें त्यावर उभीं आहेत. चौथाईच्या वांटणीपुरतें पाहिलें तर हा विचार जणूं आमच्या दुअमली गांवांसाठींच सुचला असावा, असें वाटतें.

मात्र कॉडचा तक्ता सपाट आहे आणि मोडी ताळेबंद सपाट नाहीं. ज्यांनीं मोडी ताळेबंद पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. आजचा हिशेब वरून खालीं येतो व बेरीज शेवटीं. जुना ताळेबंद बेरजेनें सुरू होतो. आधीं एकूण रक्कम. मग ‘बितपशील’ म्हणून तिची फोड. त्या फोडींतील प्रत्येक कलमाखालीं पुन्हा ‘पैकीं’ म्हणून त्याचीं पोटकलमें. त्यांच्या पोटांत आणखी. आडव्या रेघेखालीं हीं कलमें डावीकडून उजवीकडे पसरत जातात. पान म्हणजे एक वंशवृक्षच. थोरला आधीं, मग मुलें, मग नातवंडें. कोणती रक्कम कोणाची संतति हें कागदावरील जागेवरून कळतें. पानावरची जागा हीच तेथें अर्धी भाषा.

जागेला अर्थ असतो हें बीड जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. अंबाजोगाईच्या दासोपंतांनीं (१५५१–१६१५) पंचीकरणासारखा वर्गीकरणाचा विषय सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा पासोडीवर लिहून काढला. तत्त्वांची विभागणी एका नजरेंत दिसावी तर पोथीचें पान अपुरें पडतें, हें त्यांच्या ध्यानीं आलें असावें असें मला त्या पासोडीकडे पाहून वाटतें. हिशेबाचा विषय निराळा, पण अडचण तीच.

असा ताळेबंद संगणकांत घालतांना बहुतेक लोक शेवटचीं पोटकलमें तेवढीं घेतात आणि मधल्या बेरजा टाकून देतात; कारण यंत्र बेरीज करूं शकतें, मग ती कशाला भरावयाची! मला ही काटकसर मान्य नाहीं. कारकुनानें लिहिलेली बेरीज व यंत्रानें केलेली बेरीज यांत फरक पडला, तर तो फरक हीच मोलाची गोष्ट असते. कधीं एखादें कलम वाचतांना आपलें चुकलेलें असतें, कधीं पान गहाळ असतें, आणि कधीं कारकुनानेंच रक्कम दडपलेली असते. या तिन्हींपैकीं काय झालें हें शोधावयाचें, तर दोन्ही बेरजा शेजारीं शेजारीं पाहिजेत. म्हणून प्रत्येक कलमाला स्वतःचा क्रमांक, तें ज्याच्या पोटांतलें त्या वडील कलमाचा क्रमांक, पानावरील जागेचा क्रमांक, आणि मूळ कागदांतील बेरीज जशीच्या तशी, इतकें तरी भरावें. ताळा यंत्रानें पाहावा. दुरुस्ती मात्र यंत्राला करूं देऊं नये.

आणखी एक गोष्ट. आज आपण कंपन्यांच्या वार्षिक पत्रकाला ताळेबंद म्हणतों. त्यांत मालमत्ता किती, देणें किती, नफा किती हें पाहावयाचें असतें. पेशवाईंतील कमाविसदाराच्या ताळेबंदाचा हेतु हा नव्हता. सरकारनें महाल त्याच्या हवालीं केला. त्यानें आरंभीं सरकारला रसद म्हणून आगाऊ रक्कम भरली. सालभर वसूल केला, शिबंदीला व देवस्थानांना दिला, हुजूर पाठविला. अखेर त्याच्याकडे सरकारचें येणें राहिलें कीं सरकारकडे त्याचें, एवढाच प्रश्न. खर्च जमेहून अधिक झाला कीं ‘फाजील’ निघे. फाजील म्हणजे तोटा नव्हे; तें कमाविसदाराचें सरकारवरील येणें होय. हा जबाबदारीचा हिशेब आहे, व्यापाराचा नव्हे. त्याला नफातोट्याच्या छापील नमुन्यांत कोंबलें तर आंकडे बरोबर राहतील आणि अर्थ पार बिघडेल.

काळ मोजण्याची गोष्ट तर याहून घोटाळ्याची. खर्ड्याची लढाई इ. स. १७९५ ची. तोच दिवस शालिवाहन शके १७१६ मध्यें पडतो, हिजरी १२०९ मध्यें पडतो, फसली १२०४ मध्यें पडतो, आणि मराठी कागदांत चालणाऱ्या सुहूर सनाप्रमाणें ११९५ मध्यें. हा शेवटचा सन अंकांत न लिहितां अरबी शब्दांत लिहीत: खमस तिसैन मया व अलफ. मराठी महसुली साल मृगाबरोबर, जूनच्या आरंभीं पालटे. निजामाच्या राज्यांत पुढें फसली साल ऑक्टोबरांत, आजूर महिन्यापासून सुरू होऊं लागलें. तेव्हां पुण्याचें एक साल व हैदराबादचें एक साल यांचे बारा महिने तेच असतील असें गृहीत धरतां येत नाहीं. कागदावरील सन जसा लिहिला असेल तसा एका रकान्यांत, आणि त्यावरून काढलेला आरंभीचा व अखेरचा दिवस इंग्रजी तारखेनें दुसऱ्या दोन रकान्यांत, असें करावें. पहिला रकाना पुरावा आहे. बाकीचे दोन आपला तर्क.

नाण्यांचीही तीच कथा. पेशवाईंत अंकुशी, चांदवडी, मलकापुरी असे नाना तऱ्हेचे रुपये चालत आणि एकाचा दुसरा करतांना बट्टा पडे. तो बट्टा हें हिशेबांतलें एक स्वतंत्र कलमच असे. निजामी राज्यांत पुढें हाली शिक्का चालला. १०० कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे ७ हालीस ६ कलदार, हा त्याचा ठरीव भाव. एखाद्या अभ्यासकानें बीडच्या ७०० रुपयांची व शेजारच्या इंग्रजी अंमलांतील नगर जिल्ह्याच्या ६०० रुपयांची तुलना करून बीड अधिक संपन्न म्हटलें, तर तो शुद्ध भ्रम होईल. दोन्ही रकमा एकच आहेत. आणि रक्कम सांठवावयाची ती दशांशांत सांठवूं नये. एका रुपयाच्या १९२ पै. सारा हिशेब पैंत ठेवावा, म्हणजे भागाकारांत कांहीं सांडत नाहीं.

रकमेच्या लिहिण्यांतही एक सापळा आहे. आपल्या पद्धतींत चार आण्यांची खूण म्हणजे एक उभा दंड, आठ आण्यांचे दोन, बारांचे तीन. मघाचे ६२ रुपये ८ आणे जुना कारकून ६२॥ असे लिहील. रोमन व अरबी अंकांवर वाढलेला आजचा तरुण ते दोन दंड ११ असे वाचून ६,२११ रुपये भरूं शकतो. शंभरपट चूक, आणि यंत्राला तिचा पत्ताही लागणार नाहीं; वडील कलमाची बेरीज भरलेली असेल तरच ती उघडकीस येईल. म्हणून भरावयाचा छापील नमुना असा असावा कीं त्यांत रुपये, आणे व पै यांचे कोठे निराळे असतील, मूळ कागदाचें छायाचित्र शेजारींच दिसेल, आणि वाचन संशयित असल्यास तसें म्हणावयास जागा असेल. एकच कागद दोघांनीं एकमेकांस न विचारतां भरावा, हा नियमही पाळण्यासारखा आहे. भरणाराला ‘मला वाचतां येत नाहीं’ असें लिहिण्याची मुभा ज्या नमुन्यांत नसते, तो नमुना त्याला खोटें लिहावयास लावतो.

रिकाम्या जागेचेंही असेंच. आपल्या सरकारी पत्रकांत ‘निरंक’ हा एक उत्तम शब्द आहे. कांहीं नाहीं, हें पाहून, चौकशी करून, तसें लिहिलें म्हणजे निरंक. कोरी जागा म्हणजे निरंक नव्हे. जकात निरंक होती, जकातीचें पान फाटलें, आणि जकात दुसऱ्याच्या वहींत लिहीत, या तीन गोष्टी एकाच शून्यांत मिसळल्या कीं इतिहास गेला.

येथपर्यंत मी रुपयांबद्दलच बोललों. पण महसुलाच्या कागदांत रुपयांहून अधिक कांहीं असतें, याचा प्रत्यय अलीकडेच सगळ्या मराठवाड्याला आला. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली आणि निजामकालीन कागदांत कुणबी अशा नोंदी कोठें सांपडतात याचा शोध सुरू झाला. बीडसह सर्व जिल्ह्यांच्या कचेऱ्यांतून जुनीं पत्रकें बाहेर निघालीं; उर्दू व मोडी वाचणारे लोक शोधावे लागले. त्या मागणीच्या बऱ्यावाईटाविषयीं मला येथें बोलावयाचें नाहीं. माझें लक्ष निराळ्या गोष्टीकडे गेलें. हीं पत्रकें तयार झालीं तेव्हां कोणाच्या मनांत ओळख जपण्याचा विचार नव्हता. शेत कोणाचें, पीक काय, सारा किती, एवढ्यासाठीं तीं भरलीं गेलीं. नांवाच्या शेजारीं धंद्याचा किंवा जातीचा एखादा शब्द कारकुनानें जातां जातां टाकला. आज तोच शब्द कित्येक घरांतील मुलामुलींच्या शिक्षणाशीं व नोकरीशीं जोडला गेला आहे. ज्या अर्थशास्त्रज्ञाला केवळ सारा हवा, त्यानें वीस वर्षांपूर्वीं जर हीं पत्रकें संगणकांत भरलीं असतीं व निरुपयोगी म्हणून तो शब्द गाळला असता, आणि मूळ कागद पुढें वाळवीनें खाल्ला असता, तर काय झालें असतें याचा विचार श्रोत्यांनींच करावा. म्हणून कागदांतील जो मजकूर आपल्या रकान्यांत बसत नाहीं, त्यालाही एक रकाना हवा. त्याचें नांव ‘इतर मजकूर, जसा आहे तसा’ असें साधें ठेवावें.

गांवांच्या नांवांचा प्रश्न राहिला. मोगलांनीं धारूरला फतेहाबाद म्हटलें. निजामी कागदांत अंबाजोगाई मोमिनाबाद झाली. खुद्द बीड इंग्रजी कागदांत भीर म्हणून सांपडतें. गांव एक, नांवें अनेक. कधीं नांव एक, गांवें दोन. तेव्हां गांवाला क्रमांक द्यावा व नांवें त्याला काळासह चिकटवावीं. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्र झाला. त्या ओघांत पाहणी पत्रकांच्या जागीं गांव नमुना सात-बारा वगैरे मुंबईकडचे नमुने आले. नमुना बदलला कीं रकाना बदलतो, आणि पूर्वीं जें लिहीत तें लिहिणें बंद होतें. एखादी गोष्ट १९५६ नंतर कागदांत दिसत नसेल, तर ती गांवांतून गेली कीं नमुन्यांतून गेली, हें कळण्यासाठीं दप्तरांत नमुन्यांचाही एक तक्ता असावा: कोणता नमुना कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत चालला व त्यांत कोणते रकाने होते.

हें सर्व काम ऐकतांना डोंगराएवढें वाटेल. सबंध पेशवे दप्तर संगणकांत घालण्याच्या गोष्टी ज्यांना करावयाच्या असतील त्यांनीं त्या खुशाल कराव्या. माझी सूचना लहान आहे. एकच परगणा घ्यावा, बीडचा. आणि एकच साल घ्यावें, फसली १२०४, म्हणजे खर्ड्याचें. मोडी जाणणारा एक, फारशी व सियाक जाणणारा एक, आणि संगणकाचा एक, अशीं तीन माणसें एका मेजाशीं बसवावीं. पुण्याच्या रुमालांतून त्या सालचा चौथाई-सरदेशमुखीचा अजमास व झडती जी मिळेल ती काढावी; हैदराबादेहून त्याच सालचा निजामाकडील जमा-वासिल-बाकीचा कागद मिळाल्यास तो आणावा; गांवांची यादी जिल्ह्याच्या कचेरींतून घ्यावी. प्रथम प्रत्येक कागद जसा आहे तसा भरावा, अर्थ मागाहून लावावा. मग एकेका गांवासमोर दोन्ही दरबारांचीं कलमें मांडून पाहावीं. गोविंदराव काळे आणि मुशीर-उल्-मुल्क यांच्या वादांतील कोणतें कलम कोठें अडलें होतें, तें कदाचित् त्या तक्त्यांत दिसूं लागेल.